भीमेकाठचा अखेरचा सेनापती

पुण्याहून शिरूरकडे जाणारा रस्ता वाघोली आणि लोणीकंद मागे टाकून भीमा नदीवर येतो. नदीच्या अलीकडच्या तीरावर, पेरणे गावच्या हद्दीत, दगडी स्तंभ उभा आहे. पलीकडच्या तीरावर शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा हे गाव आहे. येथून पुढे हीच भीमा शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या सीमेवरून वाहत दौंड शहराजवळून पंढरपूरच्या दिशेने जाते. मराठेशाहीच्या शेवटच्या सेनापतीचे अखेरचे दिवस याच नदीच्या खोऱ्यात गेले. १ जानेवारी १८१८ रोजी तो कोरेगावच्या रणात उभा होता आणि त्यानंतर दोन महिनेही उलटण्याआधी, पंढरपूरच्या परिसरातील अष्टी येथे घोड्यावरून लढताना तो पडला. त्याचे नाव नरहर गणेश गोखले. इतिहास त्याला बापू गोखले म्हणून ओळखतो.

योजी यामादा या जपानी दिग्दर्शकाचा 'द ट्वायलाइट समुराई' हा चित्रपट २००२ मध्ये प्रदर्शित झाला आणि पुढे परभाषिक चित्रपटांच्या ऑस्करसाठी त्याला नामांकनही मिळाले. त्याचा नायक पिढीजात योद्धा आहे. पण त्याचे आयुष्य कोठारातील कारकुनीत, आजारी आई आणि दोन मुलींच्या पोटापाण्याच्या विवंचनेत चालले आहे. मालकाचा हुकूम येतो तेव्हा मात्र त्याला तलवार उचलावीच लागते. अखेर तो मरतो तो बंदुकीच्या गोळीने. १८६८ च्या सुमारास जपानमध्ये समुराईंचे युग संपले. शिरूर परिसरातील तलवारबहाद्दरांवर हीच वेळ अर्धशतक आधी आली होती. चाकरी धन्याची करायची, धनी मात्र भरवशाचा नाही, आणि हाती असलेले शस्त्र व लढण्याची रीत काळाने मागे टाकलेली, या तिहेरी पेचात सापडलेल्या पिढीचे बापू गोखले हे सर्वांत ठळक प्रतिनिधी होते.

कर्नाटकातील उमेदवारी

बापूंचा जन्म १७७७ च्या सुमारास कोकणातील तळेखाजण येथे झाला. त्यांचे चुलते धोंडोपंत गोखले हे पेशव्यांच्या वतीने कर्नाटकाचा बंदोबस्त पाहणारे नामांकित सरदार होते. धारवाड आणि आसपासच्या मुलखात त्यांचे पथक असे. त्या काळी शिपाईगिरी शिकण्यासाठी वेगळी शाळा नव्हती. वडीलधाऱ्याच्या पथकात राहायचे, घोड्यावर मांड बसवायची, वसुलीचा हिशेब आणि रणाचा हिशेब दोन्ही सारखेच आत्मसात करायचे, हेच शिक्षण. बापू या शाळेत तयार झाले.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला. त्या गोंधळात तेथील तुरुंगातून धोंडजी वाघ नावाचा साहसी माणूस निसटला. त्याने विखुरलेले घोडेस्वार गोळा केले आणि कर्नाटकात धुमाकूळ मांडला. त्याच्या बंदोबस्तासाठी एका बाजूने कंपनी सरकारची फौज निघाली, तिचा सेनानी होता आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. दुसऱ्या बाजूने पेशव्यांच्या वतीने धोंडोपंत गोखले होते. जून १८०० च्या अखेरीस धोंडजीने धोंडोपंतांना गाठले आणि त्या चकमकीत ते मारले गेले. बापू वाचले. चुलत्याच्या पथकाची धुरा वयाच्या विशीत त्यांच्या खांद्यावर आली.

त्याच वर्षी १० सप्टेंबर रोजी कोनगल येथे वेलस्लीच्या घोडदळाने धोंडजीला गाठून मारले. चुलत्याचा सूड उगवला गेला; पण तो इंग्रजांच्या हातून. तरुण बापूंनी या मोहिमेत नव्या पद्धतीची फौज जवळून पाहिली. ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी पोहोचणाऱ्या पलटणी, मागून येणारा दाणागोटा, महिन्याच्या महिन्याला मिळणारा पगार आणि एका माणसाच्या हुकुमावर हलणारे शेकडो शिपाई हे सारे मराठी सैन्याच्या रीतीपेक्षा वेगळे होते. पुढे ज्या शत्रूशी त्यांची गाठ पडणार होती, त्याची ओळख त्यांना मित्र म्हणूनच झाली.

शिरूरची छावणी

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून पळाला आणि ३१ डिसेंबर रोजी त्याने वसई येथे इंग्रजांशी तह केला. गादी परत मिळवून देण्याच्या बदल्यात कंपनीच्या सहा पलटणी त्याने कायमच्या आपल्या राज्यात ठेवून घेतल्या आणि त्यांच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिला. एप्रिल १८०३ मध्ये वेलस्ली पुण्यात आला आणि पुढील महिन्यात बाजीराव पुन्हा गादीवर बसला.

या तैनाती फौजेचे ठाणे घोड नदीच्या काठी, शिरूर येथे पडले. पुणे आणि अहमदनगर यांच्या मधोमध असलेल्या या जागेवरून दोन्हीकडे नजर ठेवता येत होती. गावाला घोडनदी हे नाव आजही चालते. छावणीबरोबर बाजार आला, बाजाराबरोबर सावकार, वाणी, नालबंद, दारूविक्रेते आले. आसपासच्या खेड्यांतील पोरांना रोख पगाराची नोकरी प्रथमच दाराशी दिसू लागली. या छावणीतील कर्नल वॉलेस हा अधिकारी १८०९ मध्ये शिरूर येथे वारला. त्याच्या थडग्याला परिसरातील लोक सत्पुरुषाची समाधी मानून नैवेद्य दाखवू लागले. परकी सत्ता एखाद्या मुलखात केवळ तोफांच्या आवाजानेच येते असे नाही. कधी ती अशी सुगीच्या पहिल्या धान्याच्या नैवेद्यापर्यंतही पोहोचते.

१८०३ मध्ये शिंदे आणि भोसले यांच्याविरुद्ध वेलस्लीने जी मोहीम काढली, तिच्यात पेशव्यांकडून गेलेल्या पथकांत बापू गोखले होते. मराठ्यांनीच मराठ्यांविरुद्ध इंग्रजांना साथ द्यावी, यात त्या वेळच्या सरदारांना आजच्याइतके वावगे वाटत नसे. धन्याचा हुकूम होता, म्हणून चाकर गेला. बापूंनी या मोहिमेत नाव कमावले आणि इंग्रजांच्या लेखी ते विश्वासू मित्र ठरले. त्याच मैत्रीच्या आधारावर त्यांचे दरबारातील वजनही वाढले.

सरदारकीचा चढता आलेख

परतल्यावर बापूंना घरच्याच मोहिमेवर जावे लागले. कऱ्हाड आणि औंधच्या मुलखातील परशुराम श्रीनिवास प्रतिनिधी हे आपल्या मातोश्रींच्या आणि पेशव्यांच्या नजरकैदेत होते. त्यांची सहचारिणी ताई तेलीण हिने माणसे जमवून त्यांना सोडवले आणि १८०६ मध्ये प्रतिनिधींनी पेशव्यांविरुद्ध बंडाचे निशाण उभारले. बापूंनी वसंतगडाच्या परिसरात त्यांचा पराभव केला. प्रतिनिधी जबर जखमी होऊन पकडले गेले; त्यांचा एक हातही कायमचा निकामी झाला. ताई तेलीण मात्र शरण आली नाही. तिने वासोट्याचा आश्रय घेतला आणि सह्याद्रीच्या त्या दुर्गम किल्ल्यावरून बापूंना जवळजवळ आठ महिने झुंजवले. अखेर किल्ला पडला. प्रतिनिधींच्या मुलखाची व्यवस्था काही काळ बापूंकडे आली. या विजयाने त्यांच्या पदरी पैसा, माणसे आणि मान आला. पण पेशवाईचे बळ त्याने वाढले नाही. राज्यातीलच एक जुने घराणे तेवढे मोडले.

बाजीरावाच्या कारभाराची ही तऱ्हाच होती. जुन्या सरदारांवर त्याचा विश्वास नव्हता आणि त्यांचा त्याच्यावर नव्हता. रास्त्यांसारख्या घराण्याची जहागीर जप्त झाली, पटवर्धनांशी वितुष्ट आले. महसुलाचे मक्ते जास्त बोली लावणाऱ्याला दिले जाऊ लागले आणि मक्तेदार रयतेकडून दामदुपटीने वसूल करू लागले. खजिन्यात पैसा साचला, पण फौज खिळखिळी होत गेली. मराठी घोडदळाचा कणा असलेला शिलेदार स्वतःचे घोडे आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. या दोघांचेही पोट सरंजामाच्या उत्पन्नावर आणि मोहिमेतील लाभावर अवलंबून होते. मोहिमा थांबल्या, सरंजामांवर टाच आली, तसा हा स्वार कर्जात बुडाला. घोडा मेला तर नवा घेण्याची ऐपत उरली नाही. शिरूरच्या छावणीतील शिपायाला मात्र पहिल्या तारखेची चिंता नव्हती.

१८११ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुण्याचा रेसिडेंट झाला. जुलै १८१५ मध्ये पंढरपूर येथे गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. त्याचा ठपका बाजीरावाचा लाडका कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आला आणि त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. सप्टेंबर १८१६ मध्ये तो तेथून निसटला. एल्फिन्स्टनने हे निमित्त साधून १३ जून १८१७ रोजी बाजीरावावर पुण्याचा तह लादला. मराठी राज्यमंडळाचे प्रमुखपद पेशव्याला सोडावे लागले आणि कंपनीच्या नव्या फौजेच्या खर्चासाठी आणखी मुलूख द्यावा लागला. याच पैशातून शिरूर येथे नवे घोडदळ उभे राहिले. ते पुढे 'पूना हॉर्स' या नावाने प्रसिद्ध झाले. थोडक्यात, ज्या घोडेस्वारांशी बापूंना सहा महिन्यांनी लढावे लागणार होते, त्यांचा पगार पेशव्यांच्याच मुलखातून निघत होता.

खडकीचे मैदान

हा अपमान बाजीरावाला पचला नाही. त्याने गुपचूप फौज जमवायला सुरुवात केली आणि सर्व लष्करी सूत्रे बापू गोखले यांच्या हाती दिली. तोवर बापू चाळिशीला आले होते. इंग्रजांची फौज काय करू शकते, हे दरबारात त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही लढावे असे ठामपणे सांगणाऱ्यांत तेच अग्रभागी होते. स्वतःच्या धन्याची चंचल वृत्ती त्यांना अपरिचित नव्हती. पण एकदा सेनापतीपद स्वीकारल्यावर त्यांनी मागे पाहिले नाही.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या मैदानावर दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. इंग्रजांकडे सुमारे तीन हजार लोक होते. पेशव्यांकडे १८ हजारांच्या आसपास घोडदळ, आठ हजारांच्या आसपास पायदळ आणि १४ तोफा होत्या. बाजीराव पर्वतीवर जाऊन बसला. फौज निघताना जरीपटक्याची काठी मोडली आणि सैन्यात अपशकुनाची कुजबुज सुरू झाली. ऐनवेळी बाजीरावाचे मन कचरले. पहिली तोफ आपल्याकडून उडू नये, असा निरोप त्याने सेनापतीकडे धाडला. असा निरोप येत असल्याचा सुगावा बापूंना लागला आणि तो हाती पडण्याआधीच त्यांनी तोफांना बत्ती देण्याचा हुकूम सोडला. हुकूम मोडल्याचा दोष त्यांनी असा टाळला, आणि माघारीची वाटही बंद केली.

बापू रांगेरांगेतून घोडा फिरवत स्वारांना चेतवत होते. त्यांनी सुमारे सहा हजार स्वारांचा हल्ला इंग्रजांच्या एका पलटणीवर सोडला. तो हल्ला यशस्वी होता तर त्या दिवसाचा निकाल कदाचित वेगळा लागता. पण पलटणीसमोर दलदलीची जमीन होती आणि ती स्वारांना दिसली नव्हती. भरधाव आलेली घोडी तिच्यात रुतली, मागचे पुढच्यांवर आदळले आणि अडकलेल्या स्वारांवर बंदुकांच्या फैरी झडल्या. बापूंचा स्वतःचा घोडाही जखमी झाला. जरीपटका सांभाळणारे मोरो दीक्षित मराठे तोफेच्या माऱ्यात पडले. तो मारा आला होता फोर्डच्या पलटणीकडून. फोर्डची ही फौज पेशव्यांनीच पदरी ठेवलेली, दापोडीस तळ असलेली, आणि फोर्ड हा दीक्षितांचा स्नेही. युद्ध सुरू होताच ती पलटण इंग्रजांना जाऊन मिळाली होती. त्या एका दिवसात जुने सारे हिशेब उलटेपालटे झाले.

अहमदनगरच्या बाजूने जनरल स्मिथ आपली फौज घेऊन पुण्याकडे निघाला. शिरूर ते पुणे या टापूत मराठी स्वारांनी त्याला चांगलेच सतावले, त्याच्या सामानाचे बैल पळवले. येथे जुनी गनिमी रीत कामी आली. पण तिने स्मिथची वाट अडली नाही. १३ नोव्हेंबर रोजी तो पुण्याला पोहोचला. १६ नोव्हेंबरला येरवड्याजवळ लढाई झाली, त्या रात्री बाजीराव निघून गेला आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

कोरेगावचा दिवस

येथून सुरू झाला तो पाठलाग. बाजीराव माहुलीला गेला आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना आपल्याबरोबर घेतले. पुढे पंढरपूर, तेथून उत्तरेला जुन्नरचा डोंगराळ मुलूख असा तो फिरत राहिला. मागे स्मिथ आणि दोघांच्या मध्ये बापू, अशी ही रांग होती. सालप्याच्या घाटात त्यांनी इंग्रजांना अडवून पाहिले. धन्याला एक मजल पुढे काढता यावी म्हणून आपण एक मजल मागे राहायचे, हेच आता सेनापतीचे काम झाले होते. डिसेंबरच्या अखेरीस पेशव्यांची फौज चाकणमार्गे पुण्याच्या दिशेने वळली. पुण्यातील इंग्रज अधिकाऱ्याने शिरूरकडे कुमक मागितली.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला. त्याच्याबरोबर मुंबई पायदळाची एक पलटण, शिरूरला नव्याने उभारलेले सुमारे ३०० स्वार आणि दोन तोफा होत्या. सारे मिळून आठशेच्या आसपास लोक. सुमारे ४० किलोमीटर रातोरात चालून सकाळी ते कोरेगावला आले, तेव्हा भीमेच्या पलीकडे पेशव्यांची वीस हजारांवर फौज पसरलेली त्यांना दिसली. स्टाँटनने गावात आश्रय घेतला. अरब, गोसावी आणि शिबंदीच्या तुकड्या गावावर चालून गेल्या. बापू गोखले, आप्पा देसाई निपाणीकर आणि त्रिंबकजी डेंगळे हल्ल्याची सूत्रे हलवत होते. गल्लीबोळांत, घराघरांत दिवसभर हातघाईची लढाई झाली. नदीचा काठ मराठ्यांच्या ताब्यात असल्यामुळे गावातल्या शिपायांना संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट मिळाला नाही. एक तोफ अरबांनी घेतली, ती कंपनीच्या शिपायांनी झुंजून परत मिळवली.

बाजीराव दूरवरच्या उंचवट्यावरून हे पाहत होता. छत्रपती प्रतापसिंहांनी उन्हासाठी अब्दागीर मागितले, तर ते पाहून इंग्रज तोफगोळा टाकतील, या भीतीने त्याने ते धरू दिले नाही. इंग्रजांना पाणी पाजण्याच्या बढाया मारणाऱ्यांना एक पलटणही मोडता येत नाही, असे टोमणे मात्र तो सरदारांना मारत राहिला. रात्री नऊच्या सुमारास लढाई थांबली. स्मिथ जवळ येत असल्याने पेशव्यांची फौज पहाटे दक्षिणेकडे निघाली. गाव स्टाँटनच्या हाती राहिले. त्याची सुमारे २७५ माणसे मृत, जखमी किंवा बेपत्ता झाली होती. पुण्याला न जाता तो शिरूरला परतला.

कोरेगावात कंपनीच्या बाजूने लढलेल्या शिपायांत महार समाजाचे शिपाई मोठ्या संख्येने होते. इंग्रजांनी उभारलेल्या स्तंभावर पलटणीच्या ज्या ४९ मृतांची नावे आहेत, त्यांतील २२ नावांच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय आहे. पेशवाईच्या उत्तरकाळात ज्या समाजाला गावाच्या वेशीबाहेर राहून अस्पृश्यतेचे जाच सोसावे लागले, त्या समाजातील तरुणाला कंपनीच्या पलटणीत गणवेश, बंदूक, पगार आणि शिपाई म्हणून मान मिळाला. सरदारांच्या दृष्टीने जो काळ अस्ताचा होता, तो या शिपायांच्या दृष्टीने माणूस म्हणून उभे राहण्याची पहिली संधी देणारा होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या स्तंभाला भेट दिली. दरवर्षी त्या दिवशी लाखो लोक तेथे अभिवादनाला येतात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी याच समाजाची सैन्यभरती थांबवली आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले, हेही विसरता येत नाही. बापूंच्या शौर्याची कथा सांगताना त्यांच्यासमोर तितक्याच शौर्याने कोण आणि का उभे होते, हे सांगितले नाही तर ती कथा अपुरी राहते.

अष्टी

फेब्रुवारीत सातारा इंग्रजांच्या हाती गेले. छत्रपतींच्या नावाने चालणारे राज्य आता पेशव्यांच्या हातून काढून घेतल्याचे एल्फिन्स्टनने जाहीर केले. सरदारांना त्यांच्या जहागिरी राखण्याचे आश्वासन मिळाले आणि एकेक जण छावणी सोडून घरी परतू लागला. बापूंनाही तो मार्ग मोकळा होता. इंग्रजांशी त्यांची जुनी ओळख होती, वेलस्लीच्या मोहिमेतील चाकरीचे पुण्य पदरी होते. ते गेले नाहीत.

२० फेब्रुवारी १८१८ रोजी, पंढरपूरच्या परिसरातील अष्टी येथे पेशव्यांचा तळ असताना स्मिथ आपले घोडदळ घेऊन अचानक येऊन धडकला. बाजीराव जेवणाच्या तयारीत होता. शत्रू इतका जवळ येईपर्यंत खबर कशी लागली नाही, याचा सारा राग त्याने सेनापतीवर काढला. बापूंनी वाद घातला नाही. आपण पिछाडी सांभाळतो, एवढीच हमी देऊन ते निघाले. धनी पळत असता चाकराने शत्रूला थोपवायचे, हे काम त्यांनी तीन महिने केले होते. या वेळी मात्र पुढे मजल उरली नव्हती.

त्यांनी निवडक स्वारांनिशी इंग्रजांच्या घोडदळावर हल्ला चढवला. तोफखाना आणि पायदळ दोन्ही बाजूला राहिले होते. स्वार विरुद्ध स्वार असा तो सामना होता. बापूंनी आयुष्यभर जी विद्या साधली होती, तिची ही अखेरची आणि तुल्यबळ परीक्षा होती. त्यांच्या स्वारांनी इंग्रजांची एक बाजू क्षणभर विस्कळीत केली. खुद्द जनरल स्मिथच्या डोक्याला तलवार चाटून गेली. पण दुसऱ्या तुकड्या धावून आल्या. पिस्तुलाच्या गोळ्या आणि तलवारीचे वार झेलत बापू घोड्यावरून पडले. त्यांच्याबरोबर आनंदराव बाबर आणि गोविंदराव घोरपडे हेही कामी आले. सेनापती पडताच फौज उधळली. छत्रपती प्रतापसिंह आणि त्यांचे कुटुंब इंग्रजांच्या हाती लागले. बाजीराव मात्र घोड्यावर बसून निसटला.

तो आणखी साडेतीन महिने पळत राहिला. ३ जून १८१८ रोजी अशीरगडजवळ त्याने माल्कमच्या स्वाधीन होणे पत्करले. सालीना आठ लाख रुपयांचा तनखा घेऊन तो गंगाकाठी बिठूर येथे राहिला आणि १८५१ मध्ये वारला. ज्याच्यासाठी बापू मेले, तो त्यांच्यानंतर ३३ वर्षे जगला.

मागे राहिले ते

बापू गोखले यांच्या लढायांचा हिशेब मांडला तर शेवटच्या युद्धात त्यांच्या पदरी विजय पडला नाही. खडकीला संख्याबळ असून यश आले नाही, कोरेगावी आठशेंचा ठाव मोडता आला नाही, अष्टीला शत्रू गाफील तळावर येऊन आदळला. सेनापती या नात्याने या तिन्हींची जबाबदारी त्यांच्यावर येतेच. वसई तहानंतरच्या काळात इंग्रजांची सत्ता रुजवण्यात ज्या मराठी हातांनी मदत केली, त्यांत त्यांचेही हात होते. परंतु जेव्हा स्वार्थ आणि शहाणपण दोन्ही एकच वाट दाखवत होते, तेव्हा त्यांनी ती वाट घेतली नाही. धनी त्या निष्ठेला पात्र होता की नाही, हा प्रश्न त्यांनी रणात विचारला नाही. त्यांच्या थोरवीचे आणि त्यांच्या मर्यादेचेही मूळ येथेच आहे.

त्यांच्यामागे राहिलेल्या हजारो शिलेदारांचे जिणे मात्र कोणी फारसे लिहून ठेवले नाही. राज्य गेले, मोहिमा संपल्या. काहींनी घोडी विकून नांगर धरला. काही कंपनीच्या पलटणींत भरती झाले. शिरूरला १८१७ मध्ये उभे राहिलेले ते घोडदळ स्वतंत्र भारताच्या सैन्यात रणगाडा दल म्हणून आजही नांदते. १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१ च्या युद्धात सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल या त्याच्या दोन अधिकाऱ्यांनी मरणोत्तर परमवीर चक्र मिळवले. भीमेच्या खालच्या अंगाला दौंड येथे राज्य राखीव पोलीस दलाच्या गटांची ठाणी आहेत आणि पहाटे तेथील मैदानांवर जवानांच्या कवायतीचे हुकूम ऐकू येतात. शिपाईगिरी या मातीतून गेली नाही. सरंजामावर जगणारी, स्वतःचा घोडा घेऊन एका धन्यासाठी लढणारी शिपाईगिरी तेवढी गेली, आणि अष्टीच्या रणात बापू गोखले यांच्याबरोबर तिचा शेवटचा मोठा सेनापतीही गेला.

कोरेगावच्या स्तंभावर कंपनीच्या मृतांची नावे कोरलेली आहेत. त्या दिवशी गावावर चालून गेलेल्या अरबांची, गोसाव्यांची आणि शिबंदीच्या शिपायांची नावे तेथे नाहीत. दोन्हीकडच्या मृतांना पाहिलेली भीमा तेवढी शिरूर आणि दौंडच्या शिवारांमधून आजही तशीच पंढरपूरकडे वाहते.